बारावीनंतर बीएस्सी केमिस्ट्री : खर्च निघतो का? अमळनेर-जळगाव बाजूच्या लोकांनी सांगा

वाहक_अमळनेर | २० जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी एसटीत वाहक आहे, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. इथे वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली, ७४ टक्के. सीईटी पीसीबीने दिली, पर्सेंटाइल ५१. नीट दिलीच नाही. तिचं एकच म्हणणं, बीएस्सी केमिस्ट्री करायची. अकरावीपासून नाद लागलाय. घरात तुरटी, खायचा सोडा, हळद काही जागेवर सापडत नाही. दिवाळीत हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला आणि साबणाच्या पाण्याने त्यावर लाल अक्षरं काढून दाखवली. तिची आई म्हणे, बाई, हळदीचा भाव बघ आधी.

माझा हिशोब असा. कॉलेज १९ किलोमीटर. अनुदानित तुकडीत नंबर लागला तर फी वर्षाला ९-१० हजार. विनाअनुदानितची २२ हजार सांगितली. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, तो आता बंद. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा खिशातून. वह्या, प्रॅक्टिकलचं सामान, मोबाईलचा रिचार्ज धरून तीन वर्षांचे ६०-७० हजार. हे झेपतं. अडीच बिघे कोरडवाहू आहे, कापूस बरा आला तर तेवढं निघतं.

डोकं अडलंय ते पुढचं. तिचे मामा सुरतेत उधन्याला असतात. ते म्हणतात, "दाजी, बीएस्सीवाले आमच्याकडे तेरा-चौदा हजारावर येतात. लूमवरचा बिनशिकलेला गडी त्याच्यापेक्षा जास्त उचलतो." बी. फार्म. करा म्हणणारेही आहेत, पण खासगी कॉलेजं लाखाच्या वर सांगतात, आणि मुलगी म्हणते मला गोळ्या मोजायच्या नाहीत.

ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा. गोड बोलू नका.

खोड_तीन_हजार | २० जून, रात्री १०:३१

जय खान्देश भाऊ. पोरले जो नाद शे तेच शिकू द्या. बाकीनं मंग दखू.

नाईटशिफ्ट | २० जून, रात्री ११:५८

अंकलेश्वरहून लिहितोय, मूळ नंदुरबारकडचा. बीएस्सी केमिस्ट्री २०११. मामा खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात.

मी २०११ ला इथल्या केमिकल प्लांटला ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा पगार ६,५००. भुसावळ-सुरत लाइनच्या पॅसेंजरने आलो. नवापूर स्टेशनचा प्लॅटफॉर्म अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. तिथून पुढे आपलं कुणी नाही, असं तेव्हा वाटलं होतं. इथे आलो तर एका खोलीत सहा जण, त्यातले चार धुळे-नंदुरबारचे. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेल्यावर हातात काही उरायचं नाही. पहिली तीन वर्षं अशीच असतात, लिहून ठेवा. आज माझ्या हाताखाली ट्रेनी येतात त्यांना १४-१५ हजार मिळतात. मला प्रॉडक्शन इनचार्ज म्हणून हातात ४१ हजार येतात. लूमवाला आजही तिथेच आहे, फक्त त्याचे डोळे आणि कान गेलेत. मामांना तेवढं विचारा.

पण दुसरी बाजूही ऐका. आम्ही मुलाखतीत एकच साधा प्रश्न विचारतो : एक लिटर डेसिनॉर्मल कॉस्टिक, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं पाणी, करायचं, किती ग्रॅम घेशील? उत्तर ४ ग्रॅम. दहातले सहा-सात जण आढ्याकडे बघतात. हातात फर्स्ट क्लासची मार्कशीट असते, आणि तीन वर्षांत एकदाही स्वतः सोल्युशन केलेलं नसतं. लॅबवाल्याने करून ठेवलेल्या बाटलीतून मोजून घेतलेलं असतं. अशा पोराला मी १४ हजार का देऊ? तो कामगाराचंच काम करणार आणि वर चिडचिड करणार.

तेव्हा भाऊ, डिग्रीला किंमत आहे का, हे डिग्री कुठे केली आणि हाताने काय केलं यावर. बाकी उद्या लिहितो. वाजले बारा, रिॲक्टर बघायचाय.

मेडिकलवाला_धुळे | २१ जून, सकाळी ८:२०

एक गैरसमज आधीच मिटवतो, कारण दर वर्षी कुणी ना कुणी बाप माझ्या दुकानात येऊन विचारतो, "पोरगी केमिस्ट्री करतेय, मग तिला मेडिकल टाकून देता येईल ना?" नाही येत. दुकानाच्या पाटीवर केमिस्ट लिहिलेलं असलं तरी आत फार्मासिस्ट लागतो, नोंदणी केलेला. त्याला किमान डी. फार्म. हवं. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी काहीही असो, त्यावर मेडिकलचं लायसन्स मिळत नाही.

आणि वाहकसाहेब, बी. फार्म.च्या फीचा आकडा पुन्हा तपासा. जुलै २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. वाहकाचा पगार ८ लाखांच्या आतच असणार. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता माहीत नाही, पण बसत असाल तर तुमचा लाखाचा आकडा बराच खाली येतो. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मात्र राहते. साध्या बीएस्सीला हा निर्णय लागत नाही, कारण तो व्यावसायिक धरत नाहीत.

वाहक_अमळनेर | २१ जून, दुपारी २:४०

हे मला माहीतच नव्हतं. आम्ही ओबीसी आहोत. चोपडा फेरीवरून आल्यावर डेपोत बसून लिहितोय. आता तर कोडं अजून वाढलं. फीमुळे नाही म्हणता येत नाही.

बुरेटवाली | २१ जून, रात्री ९:०५

मी मूळ चोपडा तालुक्यातली, एमएस्सी ॲनालिटिकल, नऊ वर्षं औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या लॅबला. सध्या संभाजीनगरला. दादा, तुमची मुलगी म्हणजे मीच आहे असं वाटलं, फक्त आमच्या घरी हळदीऐवजी निळीच्या डबीवर संकट होतं.

माझी गोष्ट सांगते, त्यातून काय घ्यायचं ते घ्या. एमएस्सीला आमच्या डिपार्टमेंटला एचपीएलसी होतं, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन. त्यावर जांभळं मखमली कव्हर. समिती यायची तेव्हा कव्हर निघायचं, स्क्रीन चालू व्हायची, फोटो निघायचे, समिती गेली की पुन्हा कव्हर. दोन वर्षांत मी त्याचं बटण दाबलं नाही. परीक्षेत मात्र त्याची आकृती काढून पंधरापैकी तेरा मार्क मिळवले.

नोकरी लागली वाळूजला, ११,५०० वर. मुलाखतीत विचारलं, हँड्स-ऑन आहे का? मी हो म्हटलं. खोटं बोलले. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी रन संपला. मशीनमधून फॉस्फेट बफर, म्हणजे क्षाराचं पाणी, चालू होता. आधी पाण्याने धुवायचं आणि मग सॉल्व्हंटवर न्यायचं, हे वाचलेलं होतं, हाताला माहीत नव्हतं. घाई होती, बस निघून गेली असती. मी थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल लावलं आणि निघाले. बफरमधलं मीठ आत जागच्या जागी बसलं. सकाळी पंप सुरू केला तर प्रेशर वर, वर, वर, आणि मशीन आपणहून बंद. कॉलम गेला, म्हणजे घटक वेगळे करणारी आतली नळीच. चाळीस हजारांच्या पुढची वस्तू, माझे चार महिने. सरांनी आवाज चढवला नाही, समोर बसवून डेव्हिएशन, म्हणजे काय चुकलं त्याची नोंद, लिहून घेतलं. कधी, काय, का. "का" च्या पुढे मी काय लिहावं? कॉलेजात कव्हर होतं, असं लिहू?

आज पगार ४६ हजार आहे आणि नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी कॉलम धुवायलाच शिकवते.

म्हणून, कॉलेज निवडताना निकालाचे बोर्ड बघू नका. लॅब बघायला मागा. एका मुलामागे एक बुरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, आहे की चौघांत एक, ते बघा. गॅसच्या बर्नरला खरंच गॅस येतो का. आणि मशीनच्या बाजूला लॉगबुक असतं, कोणी कधी वापरलं त्याची वही. त्यातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे तेवढं वाचा. मला बारावीनंतर कुणी हे सांगितलं असतं तर!

फार्मसीबद्दल : तो कोर्स वाईट नाही. पण आमच्या क्यूसीत बी. फार्म. आणि एमएस्सी केमिस्ट्री शेजारी शेजारीच बसतात, काम एकच. औषधं व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मधला नियम ७१ बघा. औषधनिर्मितीवर देखरेख करणारा तज्ज्ञ म्हणून फार्मसी पदवीधराला १८ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला ३ वर्षांचा. म्हणजे दार दोघांना उघडं, आपल्याला फक्त दीड वर्ष जास्त उभं राहावं लागतं. "मुख्य विषय" हे शब्द लक्षात ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, आलंय. मेजर केमिस्ट्रीच घ्यायला सांगा. मैत्रिणीने घेतलं म्हणून बॉटनी मेजर घेऊन बसू नये.

पाइपवाला_जळगाव | २१ जून, रात्री ९:५०

बुरेटवाली ताई, मखमली कव्हर अगदी खरंय, आमच्याकडे हिरवं होतं.

सगळे गुजरात आणि संभाजीनगर करताहेत, म्हणून घरच्या भागाबद्दल लिहितो. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, चटई, पाइप आणि ठिबकची कामं. औषधं इथे फारशी नाहीत. पण पाइपाची लॅब ही केमिस्ट्रीचीच लॅब आहे, हे पोरांच्या डोक्यात येत नाही. शेतातला काळा एचडीपीई पाइप काळा का असतो? त्यात साधारण अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो. तो ऊन अडवतो, नाहीतर आपल्या मे महिन्यात पाइप दोन-तीन वर्षांत तडकेल. तो अडीच टक्के आहे की दीड, हे आम्ही तुकडा नायट्रोजनमध्ये तापवून, उरलेल्याचं वजन करून काढतो. हे काम करणारी आमच्याकडे तीन जणं आहेत, दोन बीएस्सी केमिस्ट्री, एक प्लास्टिकचा डिप्लोमा. पगार गुजरातपेक्षा दोन-तीन हजारांनी कमीच, पण पोरगी संध्याकाळी घरी जेवायला असते. खोलीभाडं आणि मेस वजा केली तर तेवढंच पडतं.

मात्र अशा जागा मोजक्या. दर वर्षी तिन्ही जिल्ह्यांतून बीएस्सी होणारी पोरं बघता इथे सगळ्यांना पुरणार नाहीत. म्हणजे गाव सोडायची तयारी ठेवूनच या विषयात यावं. हे मी माझ्या पुतण्यालाही सांगितलं. तो आता डाळ मिलमध्ये अकाउंट बघतो, ते वेगळं.

भुसावळ_जंक्शन | २२ जून, सकाळी ७:१०

सरकारीचं कुणी बोललं नाही म्हणून :

रेल्वेत जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, भरतीच्या जाहिरातीतच केमिकल अँड मेटलर्जिकल असिस्टंट असं पद असतं. पात्रता बीएस्सी, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही घेऊन, किमान ४५ टक्के. तेल, रबर, पाणी, धातू तपासायची कामं. भुसावळची निम्मी पोरं रेल्वेच्या ग्रुप डीचा अभ्यास करतात आणि हे पद त्यांना ठाऊक नसतं. जागा थोड्या, पण अर्जही तुलनेने थोडे. म्हणून मेजर केमिस्ट्री घेतली तर मायनर फिजिक्स घ्या. पीसीबीवाल्या मुली फिजिक्सला घाबरून टाळतात आणि मग अर्जाच्या वेळी अडतात.

भाभा अणुसंशोधन केंद्रात स्टायपेंडरी ट्रेनी कॅटेगरी एकला बीएस्सी ६० टक्के लागतं. अन्नसुरक्षा अधिकारी व्हायचं तर केमिस्ट्रीत बीएस्सी चालत नाही, एमएस्सीच हवी. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा आणि बॉयलरचं पाणी तपासायला लॅब आहे, तिथे भरती निघते तेव्हा निघते, तिच्यावर भरवसा ठेवून लग्न ठरवू नका.

मास्तर_शहादा | २२ जून, सकाळी ७:४५

बीएस्सी, बी.एड. करून शाळेत चिकटेल, असा विचार असेल तर माझ्याकडे बघा. बी.एड., टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. सगळं पास होऊन वाट बघण्यात चार वर्षं गेली. सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, मानधन वर्षाच्या शेवटी एकरकमी यायचं, तोवर किराणा उधार. कायम जागेसाठी एका संस्थेने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही, माझ्या वडिलांचं शेत तेवढ्याला गेलं नसतं. आता खासगी क्लास घेतो, बरं चाललंय. शिकवायची हौस असेल तर जरूर या, पगाराची हौस असेल तर नका येऊ.

खोड_तीन_हजार | २२ जून, सकाळी ८:०२

मास्तर, आमचं पण तेच. केळीचा भाव आणि पवित्र पोर्टल, दोन्ही कधी उघडतील सांगता येत नाही.

पुण्यातला_रावेरकर | २२ जून, दुपारी १२:३०

मी उलट्या टोकाचा. आमची केळी, रावेर तालुका. बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात, मग आयआयटी-जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात, आयआयटीत एमएस्सी, नेट-जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप, पीएचडी पुण्यात. पैशाचं बोलायचं तर बीएस्सीनंतर घरून फारसं काही घेतलं नाही. २०२० ला रुजू झालो तेव्हा जेआरएफ ३१ हजार होती, १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३७ आणि तिच्या पुढची एसआरएफ ४२ हजार झाली, घरभाडं वेगळं. ज्यांची मुलं बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आहेत त्यांनी इन्स्पायर शिष्यवृत्ती बघावी, वर्षाला ८० हजारांची आहे, आणि ती मूलभूत विज्ञान घेणाऱ्यालाच मिळते, इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्याला नाही. ७४ टक्क्यांना ती बसणार नाही, पण इथे दुसरेही वाचत असतील.

मात्र खर्च फक्त फीचा नसतो. माझा पहिला पीएफ कापला गेला तेव्हा मी ३० वर्षांचा होतो. बरोबरीचा मित्र आयटीआय करून २१ व्या वर्षी लागला, त्याचं घर झालं, दोन मुलं झाली. मधल्या काळात बहिणीच्या लग्नाला मी शून्य रुपये दिले, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं. ते कधी बोलले नाहीत, पण घरी गेलो की मी ते कर्ज मनात मोजतो. वाहककाका, मुलगी हुशार निघाली आणि पुढे जायचं म्हणाली तर घरात दुसरं कमावतं माणूस आहे का, हे आज बघून ठेवा. धाकटा मुलगा आहे का?

नव्या रचनेत बीएस्सी तीन वर्षांवर सोडता येते, चार वर्षं केली तर ऑनर्स, आणि मग एमएस्सी एकच वर्षाची. पाच वर्षं ती पाचच. तीन वर्षांवर थांबून दोनेक वर्षं नोकरी करून मग एमएस्सीला आलेली मुलं आमच्या लॅबमध्ये सगळ्यात चांगली निघाली, हे मात्र माझं निरीक्षण. त्यांना कशासाठी शिकायचं ते ठाऊक असतं.

जुना_अमळनेरकर | २२ जून, संध्याकाळी ६:१५

अमळनेरात केमिस्ट्रीचा खर्च निघतो का म्हणून विचारताय? गंमतच. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याचीच पुढे विप्रो झाली. वनस्पती म्हणजे काय, तर तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडायचा, पातळ तेल घट्ट होतं. आमचे आजोबा तिथे होते. सातवी पास. पण तेल किती घट्ट झालं ते बोटाच्या चिमटीत घेऊन सांगायचे, नंतर लॅबचा रिपोर्ट यायचा. पाव्हणे आले की हमखास ही गोष्ट सांगत. गावातल्या ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन ठेवले त्यांची घरं तरली. आजोबांनी सायकल घेतली.

शिरपूरकर | २२ जून, रात्री ८:४०

सगळे पगाराचं बोलताहेत. ३१ ऑगस्ट २०१९ ला आमच्या तालुक्यात वाघाडीजवळच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली. आमच्या घराच्या काचा वाजल्या होत्या. माझी मुलगी बीएस्सीला होती, त्या वर्षी मी तिला बँकेच्या परीक्षेकडे वळवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. ज्याच्या घरचं माणूस प्लांटमध्ये आहे त्याने सांगावं, रात्री फोन वाजला की काय होतं.

नाईटशिफ्ट | २३ जून, सकाळी ६:५०

शिरपूरकर दादा, तुम्हाला चूक म्हणणार नाही. माझी बायको आजही शिफ्ट सुटली की मिस्ड कॉलची वाट बघते.

पण हेही सांगतो. टोल्युईनचा ड्रम रिॲक्टरमध्ये ओततो तेव्हा आधी ड्रमला अर्थिंगची क्लिप लावायची असते. द्रव वाहताना वीज साठते, एक ठिणगी पुरते. कामगाराला "क्लिप लाव" सांगितलं तर तो साहेब बघत असताना लावतो. ज्याला क्लिप का ते माहीत आहे तो कुणी बघत नसतानाही लावतो. माझ्या शिफ्टला बीएस्सी झालेला पोरगा असला तर मी तासभर खुर्चीला पाठ टेकू शकतो. मुलीसाठी म्हणाल तर क्यूसी, जनरल शिफ्ट, प्लांटपासून वेगळी इमारत. जॉइन होण्याआधी आत चक्कर मारू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर परतीची गाडी धरावी, पगार कितीही असो.

वाहक_अमळनेर | २७ जून, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात अबोला होता. फी माफीचं कळल्यावर मीच फार्मसीचा फॉर्म भरू म्हणून मागे लागलो. दोन दिवस मुलगी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, फुकट आहे म्हणून तुम्ही तिकीट नसलेल्या माणसाला गाडीत बसवता का? मला त्याचा अर्थ नीट लागला नाही, पण मी गप्प बसलो. रावेरकर, धाकटा मुलगा आहे, नववीत. तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. तिला सांगितलंय, तीन वर्षांनंतर आधी नोकरी, पुढचं स्वतःच्या पैशाने. ती हो म्हणाली. आज तरी म्हणाली.

परवा सुट्टी टाकून तिला घेऊन दोन कॉलेजं बघून आलो. नावं घेत नाही. पहिलं अनुदानित, फी कमी, आमच्या स्टँडपासून चालत. लॅब चकाचक, फरशी पुसलेली, कपाटांना कुलपं. बुरेटवाली ताईंनी सांगितलं तसं मी लॉगबुक मागितलं. क्लार्क हसला, म्हणे तुम्ही कॉलेजं तपासणाऱ्या नॅकमधून आलात का? मग वही काढून दिली. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, मार्च महिन्याची. मशीनवर कव्हर होतं. मखमली नव्हतं, साध्या चादरीचं.

दुसरं कॉलेज विनाअनुदानित, २२ हजारवालं, एक गाडी बदलावी लागते. लॅबची सिंकं तपकिरी पडलेली, ओट्यावर जांभळे डाग, वास तर विचारू नका. मशीन एकच, जुनं, पण लॉगबुकात आदल्या दिवशीची नोंद आणि खाली तिघांच्या सह्या. तिथले लॅब असिस्टंट वयस्कर गृहस्थ. त्यांनी मुलीला विचारलं, बुरेट धरलीस का कधी? मग त्यात जांभळं पाणी भरून दिलं आणि म्हणाले, रीडिंग घे. वरची रेघ वाचशील की खालची? मुलगी म्हणाली, परमँगनेट आहे, गडद आहे, खालची दिसत नाही, म्हणून वरची. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मी इतकी वर्षं माणसांची तोंडं बघत तिकिटं फाडतोय, ती मान कशाची होती ते कळलं.

प्रवेश तिथेच घेतला. मेजर केमिस्ट्री, मायनर फिजिक्स. फिजिक्सवर थोडी कुरकुर झाली, तिला भुसावळच्या दादांची पोस्ट वाचायला दिली. तीन वर्षांचा हिशोब ७० हजारांवरून लाखाच्या पुढे गेला. ओव्हरटाइमच्या ड्युट्या घेईन.

मामांना फोन केला. ते म्हणाले, बरं, मग सुरतेत खोली मी बघतो.

एकच शंका राहिली. कॉलेजने ॲप्रन आणायला सांगितलाय. बाजारात टेरीकॉटचा साडेतीनशेला आहे, सुती चारशे ऐंशीला. टेरीकॉटचा दिसायला चांगला आहे, इस्त्रीही लागत नाही. कोणता घेऊ?

खोड_तीन_हजार | २७ जून, रात्री १०:५२

भाऊ, लाख रुपये दिधात, आते दीडशे साठे कसाले इचारतस?

बुरेटवाली | २७ जून, रात्री ११:०४

सुती. टेरीकॉट पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. पूर्ण बाहीचा घ्या, बटणं पुढून, आणि एक माप मोठा.